निवड कोण करतं?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला जुन्या मित्राचा फोन आला. त्याच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर. तिसरी केमो होऊन चार दिवस झाले होते आणि तोंडभर फोड आल्यामुळे वहिनींना पातळ पेजसुद्धा गिळवत नव्हती. मित्राने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "तुला एक कात्रण पाठवलंय, बघितलंस? ग्राफीन म्हणून काहीतरी निघालंय. कॅन्सरच्या पेशी तेवढ्या मारतं, चांगल्या पेशींना हात लावत नाही म्हणे. अरे, मुंबईत कुठे मिळतं का हे?"

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून त्याने मला विचारलं. 'नाही मिळत' एवढं सांगणं सोपं होतं, आणि तेवढं मी सांगितलंही. पण 'कॅन्सरच्या पेशी मारतं आणि चांगल्या पेशींना हात लावत नाही' या वाक्यात खरं किती, हे त्या रात्री फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. ते इथे सांगतो.

माझं म्हणणं आधीच मांडतो. ग्राफीन कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी यांत निवड करत नाही. जिथे निवड झालेली दिसते, तिथे ती दुसऱ्याच कशाने तरी केलेली असते. कधी मात्रेने, कधी तुकड्याच्या आकाराने, कधी वर चढवलेल्या लेपाने, कधी पेशी ज्या द्रवात ठेवल्या त्याने, तर कधी लेझर धरणाऱ्या हाताने. हे विसरून लिहिलेली बातमी रुग्णाच्या घरात जाते, आणि तिथे ती फक्त बातमी राहत नाही.

ग्राफीन म्हणजे काय ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनचे थरावर थर. पेन्सिलीने कागदावर गडद ठिपका काढावा, त्यावर सेलोटेप दाबून उचलावी. टेपला काळा थर येतो. ती टेप दुमडून पुन्हा उघडली की थर दोन्हीकडे वाटला जातो, फिका होतो. असं करत राहिलं तर केव्हातरी एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा उरायला हवा. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाईम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनेच हे करून दाखवलं. २००४ साली त्यांचा निबंध आला आणि २०१० साली दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनांत जोडलेले, लांबी-रुंदी हवी तेवढी, जाडी मात्र एका अणूची. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण पसरलं, तर दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ सुमारे २,६३० चौरस मीटर भरतं. आपल्या भाषेत सव्वीस गुंठे. औषधशास्त्राला या पदार्थाचं वेड लागलं ते या सव्वीस गुंठ्यांमुळे. एवढ्याशा वजनावर एवढी जागा, म्हणजे औषधाचे रेणू ठेवायला भरपूर ठिकाण.

पण पेशींवरच्या बहुतेक प्रयोगांत हे शुद्ध ग्राफीन नसतंच. शुद्ध ग्राफीन पाण्यात मिसळत नाही, गोळा होऊन बसतं. म्हणून वापरतात ते ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ज्याच्या पृष्ठावर आणि कडांवर ऑक्सिजनचे गट बसवले आहेत असा पापुद्रा. ते करण्याची विद्या जुनी आहे. बेंजामिन ब्रॉडी याने १८५९ साली ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण केलं. १९५८ साली हमर्स आणि ऑफमन यांनी गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून ते सोपं केलं, आणि आजही जगभर तीच पद्धत थोड्या फरकाने चालते. नीट धुतलं नाही तर त्यात मँगनीज आणि आम्ल मागे राहतं. मग पेशी मेली ती ग्राफीनने की मँगनीजने, हे कोण सांगणार? याशिवाय ऑक्सिजन काढून घेतलेलं 'क्षपित' ऑक्साइड वेगळं, काही नॅनोमीटरचे ग्राफीन क्वांटम ठिपके वेगळे, दहा-वीस थरांच्या चकत्या वेगळ्या. तुकड्याचा आकार काही नॅनोमीटरपासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत असू शकतो. पेशी असते साधारण दहा ते वीस मायक्रोमीटरची. म्हणजे एका प्रयोगात ग्राफीन हा पेशीवर पडलेला धुळीचा कण असतो, तर दुसऱ्यात तिच्या अंगावर टाकलेली चादर. दोन्हींना बातमीत एकच नाव.

बाजारात तर याहून गोंधळ. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरातल्या साठ कंपन्यांचं 'ग्राफीन' तपासून २०१८ साली निष्कर्ष छापले. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी होतं, बाकी बारीक केलेलं ग्राफाइट. तेव्हा 'ग्राफीनने पेशी मेल्या' किंवा 'ग्राफीनने पेशींना काही झालं नाही' असं कुणी म्हटलं, की माझा पहिला प्रश्न असतो, कोणतं ग्राफीन?

आता पेशीजवळ जाऊ. ग्राफीन रक्तात किंवा पेशींच्या पोषकद्रवात पडलं की क्षणार्धात तिथली प्रथिनं त्यावर चिकटतात. पेशीला उघडं ग्राफीन सहसा दिसतच नाही, तिला दिसतो तो प्रथिनांचा अंगरखा घातलेला कण. तरी कडा उघड्या राहिल्या तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या गटाने २०१३ साली दाखवलं. ग्राफीनचा तुकडा आडवा होऊन पेशीत शिरत नाही. त्याचा एखादा टोकदार कोपरा किंवा कडेवरचा कंगोरा पेशीपटलात आधी घुसतो आणि मागोमाग बाकीचा पापुद्रा ओढला जातो, कागदाची कड बोटाला लागावी तसा. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जिवाणूंवर दाखवलं की ग्राफीन पटलातले स्निग्ध रेणू अक्षरशः उपसून काढतं. शिवाय पेशी काही तुकडे स्वतःहून गिळते. आत गेल्यावर ऑक्सिजनची उपद्रवी रूपं वाढतात, पेशीची ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांवर ताण येतो आणि ताण हाताबाहेर गेला की पेशी मरते.

यात कर्करोगाचा संबंध कुठे आला? कर्करोगाची पेशी काय किंवा निरोगी पेशी काय, पेशीपटल दोघींचंही स्निग्ध रेणूंचंच, मायटोकाँड्रिया दोघींकडेही. फरक आहेत, नाहीत असं नाही. लॉस एंजेलिसला २००७ साली रुग्णांच्या छातीतल्या द्रवातून काढलेल्या पेशी सूक्ष्म सुईने दाबून पाहिल्या, तेव्हा पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी तिथल्याच निरोगी पेशींपेक्षा सत्तर टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. गाठीभोवतीचा द्रव जरा आम्लधर्मी असतो. कर्करोगाच्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर ऋणभार जास्त असतो. ती अधाशी असते, भराभर गिळते. आणि तिच्या आत ऑक्सिडीकरणाचा ताण मुळातच वाढलेला असतो, म्हणून थोडा आणखी ताण तिला झेपत नाही. संशोधक या प्रत्येक फरकावर आशा बांधतात, आणि ती आशा वेडगळ नाही.

पण हे सगळे फरक कमी-जास्तीचे आहेत, आहे-नाहीचे नाहीत. वहिनींच्या तोंडातले फोड याच कारणाने आलेले होते. केमोची पुष्कळ औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी गाठतात आणि कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात. पण तोंडाच्या आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, अस्थिमज्जा यांच्याही पेशी भराभर वाढतात. अधाशीपणाचं म्हणाल तर शरीरात सगळ्यांत अधाशी पेशी कर्करोगाची नसून आपल्याच यकृतातली आणि प्लीहेतली भक्षक पेशी आहे. परका कण दिसला की गिळायचा, हेच तिचं काम. 'कर्करोगाची पेशी जास्त गिळते म्हणून ग्राफीन तिच्यातच जाईल' हा तर्क प्रयोगशाळेतल्या बशीत चालतो, कारण बशीत यकृत नसतं.

बशीचंच थोडं जवळून पाहू. प्लास्टिकची एक चपटी पट्टी असते, तळहाताएवढी, तिच्यात छोटे छोटे ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी तळाला चिकटलेल्या, वर गुलाबी पोषकद्रव. त्यात वेगवेगळ्या मात्रेत ग्राफीन ऑक्साइड सोडतात, ते फिक्या चहाच्या रंगाचं असतं. एक-दोन दिवस उबदार कपाटात ठेवून मग किती पेशी जिवंत आहेत ते मोजायचं. मोजण्याची सर्वांत प्रचलित चाचणी म्हणजे एमटीटी. पिवळा रंगद्रव्याचा द्राव खळग्यात घालतात. जिवंत पेशी त्याचं क्षपण करते आणि त्याचे जांभळे स्फटिक होतात. काही तासांनी स्फटिक विरघळवून यंत्राने जांभळेपणा मोजायचा. जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत. स्वस्त, जलद, जगभर चालणारी चाचणी.

२०११ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्राफीनच्या बाबतीत तिचा दोष उघड केला. ग्राफीन आणि ग्राफीन ऑक्साइड त्या पिवळ्या द्रव्याला स्वतःच जांभळं करतात, पेशीची गरज नाही. म्हणजे खळग्यातल्या पेशी मेल्या असल्या तरी यंत्र सांगतं, जिवंत आहेत. दुसऱ्या चाचण्या लावून पाहिल्यावर त्याच मात्रेत त्वचेच्या पेशींना इजा झालेली दिसली. तांबड्या रक्तपेशींवर पाहिलं, तर ग्राफीन ऑक्साइडचे तुकडे जितके लहान तितक्या जास्त पेशी फुटत होत्या. 'निरोगी पेशींना काही होत नाही' अशा वाक्यामागे नुसती एमटीटीच असेल, तर ते वाक्य मी मानत नाही. जांभळा रंग पेशीने दिला की ग्राफीनने, हे त्या खळग्याकडे पाहून कळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे पोषकद्रवाची. त्यात वासराच्या गर्भाच्या रक्ताचा द्रव मिसळतात, बहुधा दहा टक्के. चीनमधल्या संशोधकांनी २०११ साली हेच प्रमाण बदलून पाहिलं. एक टक्का असताना ग्राफीन ऑक्साइडने मानवी पेशींना चांगलाच धक्का दिला. दहा टक्के केल्यावर तो धक्का पुष्कळच कमी झाला, कारण प्रथिनांचा अंगरखा जाड झाला. पेशी तीच, ग्राफीन तेच, मात्राही तीच, बदलला फक्त आजूबाजूचा द्रव. मारक आणि निरुपद्रवी हे शब्द मग ग्राफीनला लावायचे की द्रवाला?

तुलनेचा प्रश्न तर याहून साधा, आणि म्हणूनच मला जास्त खटकतो. 'कर्करोगाच्या पेशी' म्हणून अनेकदा हेला पेशी घेतात. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत वाढताहेत. 'निरोगी' म्हणून शेजारी ठेवतात उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशी. एक माणसाची, एक उंदराची. एक अस्तराची, एक आधारऊतीची. हेला जास्त मेल्या आणि उंदराच्या कमी, तर त्यातून कर्करोगाबद्दल काय कळलं? वेगळ्या पेशी वेगळ्या वागतात, एवढंच. खरी तुलना त्याच रुग्णाच्या, त्याच अवयवाच्या, गाठीतल्या आणि गाठीबाहेरच्या पेशींची. ती अवघड आहे, महाग आहे, पण तिच्याशिवाय 'निवड' हा शब्द वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याच देशात झालेलं एक काम मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत देवव्रत दाश यांच्या गटाने ग्राफीन ऑक्साइड कर्करोगाच्या पेशीवर न टाकता प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंवर, टाकून पाहिलं. शिरेतून दिलेलं कोणतंही औषध गाठीपर्यंत पोचण्याआधी रक्तात पोहणार, हा साधा विचार. २०११ साली त्यांनी छापलं की ग्राफीन ऑक्साइडने प्लेटलेट जोराने उत्तेजित होऊन एकमेकींना चिकटतात, आणि उंदरांच्या शिरेत दिल्यावर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. गाठ मारायला निघालेला कण वाटेतच रक्त गोठवत होता. पण त्यांनी तिथे थांबून पदार्थाला दोष दिला नाही. ऑक्सिजनच्या गटांऐवजी पृष्ठावर अमाइनचे गट बसवून तेच ग्राफीन पुन्हा तपासलं. २०१२ साली त्यांनी दाखवलं की या अमाइन-ग्राफीनने प्लेटलेट उत्तेजित होत नाहीत आणि उंदरांत गुठळ्याही होत नाहीत. पृष्ठावरचा एक गट बदलला आणि निकाल फिरला. हे काम वाचल्यापासून 'ग्राफीन सुरक्षित आहे का' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

मित्राच्या कात्रणाच्या मुळाशी होतं ते मँचेस्टरचं २०१५ चं संशोधन. मायकेल लिसांती आणि अरविंद विजयराघवन यांच्या गटाने सहा प्रकारच्या कर्करोगांच्या पेशीओळींवर ग्राफीन ऑक्साइड वापरलं. स्तन, बीजांड, प्रोस्टेट, फुप्फुस, स्वादुपिंड आणि मेंदू. त्यांचं लक्ष होतं कर्करोगाच्या मूळपेशींवर, म्हणजे उपचारानंतरही मागे राहून रोग परत आणतात असं मानल्या जाणाऱ्या थोड्या पेशींवर. या पेशी तरंगत्या अवस्थेत गोळे करून वाढतात. ग्राफीन ऑक्साइड असताना सहाही प्रकारांत गोळे कमी झाले आणि निरोगी त्वचापेशींना इजा दिसली नाही. बातम्यांनी यातून 'मारतं' हे क्रियापद उचललं. निबंधाचं म्हणणं वेगळं आणि जास्त रंजक होतं. मूळपेशी मरत नव्हत्या, त्यांचं मूळपण जात होतं, त्या साध्या पेशींत बदलत होत्या. गाठीतल्या बहुसंख्य साध्या कर्कपेशींना मात्र त्याच मात्रेने काहीच होत नव्हतं. म्हणजे निरोगी पेशी सुटल्या तशा बहुतेक कर्करोगाच्या पेशीही सुटल्या! विचार म्हणून हे मोठं आहे, पुढे तपासण्यासारखं आहे. पण हे सगळं बशीत होतं आणि केमोबरोबर जोड म्हणून त्याचा उपयोग व्हावा अशी कल्पना होती. माझ्या मित्रापर्यंत यातलं काहीही पोचलं नव्हतं.

निवड खरोखर झालेली दिसते ती उष्णतेच्या उपचारात. चीनमधल्या सूचौ विद्यापीठात झुआंग ल्यू यांच्या गटाने पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप दिलेले ग्राफीनचे अतिसूक्ष्म तुकडे स्तनकर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना शिरेतून दिले. ग्राफीन अवरक्त प्रकाश शोषून तापतं. गाठीवर बाहेरून ८०८ नॅनोमीटरचा लेझर काही मिनिटं धरला आणि गाठी गेल्या. २०१० सालचा हा निबंध अजूनही हुरूप देतो. पण इथे निवड कुणी केली ते नीट पाहा. लेझर यकृतावर धरला असता तर यकृत भाजलं असतं. कर्करोगाची पेशी ओळखली ती डॉक्टरच्या डोळ्याने, ग्राफीनने नव्हे. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट विश्वास वाटतो, कारण बाहेरून चालू-बंद करता येणारी गोष्ट चुकली तर थांबवता येते. अडचण इतकीच की हा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. उंदराच्या कातडीखालची गाठ आणि माणसाच्या स्वादुपिंडातली गाठ यांत ते अंतर आडवं येतं.

त्या प्रयोगातली मात्रा होती दर किलो वजनामागे वीस मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला नुसत्या वजनाच्या हिशेबाने सव्वा ग्रॅमच्या आसपास. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना औषधशास्त्रात याहून बरीच कमी धरतात हे खरं, तरी शुद्ध ग्राफीनचे गुंठे आठवले की आपण किती मोठं पृष्ठ रक्तात सोडायचं म्हणतो आहोत हे ध्यानात येतं. ते नंतर जातं कुठे? याच गटाने २०११ साली पाहिलं, तर मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत साचतं आणि हळूहळू कमी होतं. तीन महिन्यांत उंदरांना उघड विषबाधा दिसली नाही. तीन महिने हा उंदराच्या आयुष्यातला मोठा काळ आहे. स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली पंचेचाळीस वर्षांची बाई पुढे चाळीस वर्षं जगते, जगायला हवी.

औषध वाहून नेण्याची कल्पना थोडक्यात सांगतो. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध ग्राफीनच्या सपाट पृष्ठावर आपोआप चिकटून बसतं आणि आम्लधर्मी जागी सुटतं. गाठीभोवती आम्लता जास्त, म्हणून तिथे सुटावं. या औषधाचा हृदयावर परिणाम होतो, तेव्हा ते नेमक्या जागी सुटलं तर फार मोठी गोष्ट होईल. पण वाहन गाठीपर्यंत पोचायला तर हवं. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले नॅनोकणांवरचे निबंध एकत्र करून २०१६ साली हिशेब मांडला. प्राण्यांत दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के. बाकी सगळं निरोगी शरीराच्या वाट्याला. निरोगी पेशींचं काय होतं हा प्रश्न म्हणून दुय्यम नाही, नव्व्याण्णव टक्के कण त्यांच्याकडेच जातात.

कुणी म्हणेल, प्रत्येक औषधाची सुरुवात बशीतूनच झाली, मग ग्राफीनलाच एवढं का धारेवर धरायचं? माझा विरोध बशीला नाही, बशीतून थेट रुग्णाच्या घरात उडी मारणाऱ्या वाक्याला आहे. प्रयोगशाळेतून खाटेपर्यंत पोचता येतं, हे मुंबईनेच दाखवलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून घडवलेल्या सीएआर-टी पेशी-उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात मान्यता मिळाली, ती रुग्णांवरच्या चाचण्यांनंतर. हा उपचार सीडी-१९ हे प्रथिन अंगावर असलेल्या पेशी शोधून मारतो. ते प्रथिन पांढऱ्या रक्तपेशींपैकी रोगट बी पेशींवर असतं तसं निरोगी बी पेशींवरही असतं, त्यामुळे निरोगी बी पेशीही मरतात. डॉक्टर हे आधी सांगतात, आणि प्रतिकारशक्ती कमी होईल म्हणून काळजी घेतात. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत नेमक्या उपचारांपैकी एकाबद्दल जर ही प्रामाणिक भाषा वापरली जाते, तर ग्राफीनबद्दल 'चांगल्या पेशींना हात लावत नाही' कशाच्या जोरावर?

ग्राफीनवर माझा राग नाही. शरीर त्याचं काय करतं याबद्दल धीर देणाऱ्या गोष्टीही आहेत. स्ट्रासबुर्गला राजेंद्र कुरापती आणि अल्बर्टो बियांको यांनी दाखवलं की आपल्या पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर, पाण्यात नीट मिसळलेलं ग्राफीन ऑक्साइड मोडून टाकू शकतं. गोळा झालेलं मात्र त्याला मोडत नाही. एडिंबरा आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी १४ निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित मात्रेत शुद्ध, अतिपातळ ग्राफीन ऑक्साइड श्वासातून देऊन पाहिलं. २०२४ साली छापलेल्या निकालात फुप्फुसांना वा हृदयाला तातडीचा अपाय दिसला नाही, पण शरीराबाहेर केलेल्या चाचणीत रक्त गोठण्याची प्रवृत्ती किंचित वाढलेली दिसली. बनारसच्या प्लेटलेट इथे पुन्हा आठवतात. उलट २०२१ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याला ग्राफीन असलेले मास्क वापरू नका असं सांगावं लागलं होतं. लोकांच्या नाकातोंडावर ते आधी पोचले आणि तपासणी मागून आली. क्रम उलटा झाला.

माझी खरी आशा वेगळ्याच ठिकाणी आहे. ग्राफीनला निवड करता येत नसेल, पण फरक टिपता येतो. त्याची जाडी एका अणूची असल्यामुळे त्याच्यावर ठेवलेल्या पेशीचा विद्युतभार जरा बदलला तरी त्याच्यातले इलेक्ट्रॉन हलतात. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात विकास बेरी यांच्या गटाने २०१६ साली मेंदूतली साधी पेशी आणि मेंदूच्या कर्करोगाची पेशी ग्राफीनवर ठेवून, परतणाऱ्या लेझर प्रकाशाच्या वर्णपटावरून दोघींतला फरक एकेका पेशीच्या पातळीवर वाचला. ज्या ऋणभाराच्या जोरावर कर्करोगाची पेशी मारायची स्वप्नं पाहिली जातात, तोच इथे तिची ओळख पटवतो. आणि २०२४ साली मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात मेंदूची गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत ग्राफीनच्या विद्युतअग्रांची पातळ पट्टी पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर ठेवली गेली. निरोगी ऊती आणि गाठीची ऊती यांतला विद्युतसंकेतांचा फरक ती मायक्रोमीटरच्या बारकाईने टिपू शकली, असं ती बनवणाऱ्यांनी जाहीर केलं. मेंदूच्या शल्यविशारदाला हा प्रश्न किती जिवाचा असतो! एक मिलिमीटर कमी काढलं तर रोग परत येतो, एक मिलिमीटर जास्त काढलं तर रुग्णाची वाचा जाते.

या वापरात मला आवडतं ते हे की ग्राफीन रक्तात सोडलेलं नाही. ते पट्टीवर घट्ट बसवलेलं आहे, किती आहे ते माहीत आहे, काम झालं की उचलून घेता येतं. यकृत, प्लीहा, प्लेटलेट, अंगरखा हे सगळे प्रश्न तिथे निघतच नाहीत. आपल्याकडे या पदार्थावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, कर्करोगावरची मोठी रुग्णालयं आहेत. माझ्या हातात असतं तर पुढची दहा वर्षं पैसा आणि हुशार विद्यार्थी मी या दिशेला आधी लावले असते, शिरेतून द्यायच्या ग्राफीनला नंतर.

आणि वृत्तपत्रांत विज्ञान लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. 'निरोगी पेशींना अपाय नाही' असं लिहिण्याआधी संशोधकाला विचारा, कोणतं ग्राफीन, किती मात्रा, निरोगी पेशी कुणाच्या आणि कुठल्या अवयवाच्या, एमटीटीशिवाय दुसरी चाचणी केली का, आणि प्रयोग बशीत की प्राण्यात की माणसात. हे सगळं दोन ओळींत मावतं. त्या दोन ओळी असत्या तर माझ्या मित्राने रात्री साडेदहाला फोन केला नसता.

ग्राफीन असलेलं कर्करोगाचं एकही औषध आज कुठल्याही देशात मंजूर नाही. हे मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. इंटरनेटवर या नावाने कुणी थेंब, पुड्या, पाणी विकत असेल तर ते घरात आणू नकोस म्हणालो. तोंडातल्या फोडांसाठी गुळण्या आणि औषध असतं, ते विचारायला त्याला त्यांच्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन करायला लावला. तो बराच वेळ गप्प होता. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "तिला कात्रण दाखवलं नव्हतं बरं झालं."

वहिनींची चौथी केमो ठरलेल्या दिवशीच झाली.